‘स्कोप’ची भाषा आणि भाषेचा ‘स्कोप’

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रात घरोघरी दोन वाक्ये ऐकू येतात. पहिले, ‘काय घेतलंस?’ आणि दुसरे, ‘त्याला स्कोप काय आहे?’ यातले ‘घेणे’ हे क्रियापद भाषेच्या अभ्यासकाने सहजासहजी सोडून देऊ नये. एकेकाळी मूल अकरावीला ‘जात’ असे, आता ते सायन्स ‘घेते’. मंडईतून वस्तू घ्यावी तशी शाखा घेतली जाते, आणि वस्तू घेताना करायची घासाघीसही त्यात ओघाने येतेच. ‘स्कोप’चे तर पूर्ण मराठीकरण झाले आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा वाव, व्याप्ती, आवाका हा अर्थ मागे पडून त्याला एकच अर्थ उरला आहे: चार वर्षांनंतरचा पगार. पंधरा वर्षांच्या मुलाला विषयाचा आवाका विचारायचा असतो तेव्हा त्याच्यापाशी शब्दच शिल्लक राहत नाही, कारण तो शब्द पगाराने आधीच अडवलेला असतो.

या मुलाला मार्गदर्शन कोण करते? निकालाच्या आगेमागे सभागृहांतून करिअर मेळावे भरतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या निघतात, खासगी शिकवण्यांची ‘मोफत चर्चासत्रे’ होतात. यातील बहुतेक ठिकाणी वाट दाखवणारा आणि तिकीट विकणारा माणूस एकच असतो, हे उघड गुपित आहे. जो दोन वर्षांचे शुल्क आगाऊ घेणार, तोच पालकांना सांगतो की आपल्या पाल्यात डॉक्टर होण्याची क्षमता आहे. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्तेचा प्रकार सांगणारे अहवालही आपल्याकडे हजारो रुपयांना विकले जातात. त्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही, पण अहवाल रंगीत असतो आणि वर्तुळालेखांपुढे पालकाची विवेकबुद्धी नम्र होते. पत्रिका पाहणारा जोशी निदान पंचांग तरी उघडत असे!

शासनाने काही केले नाही असे नाही. २०१६ साली राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल-चाचणी सुरू झाली. हेतू चांगला होता. काही वर्षे चाललेल्या या चाचणीत मुलांचे कल सात क्षेत्रांत विभागलेले असत: कृषी, वाणिज्य, कला व मानव्यविद्या, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि ‘गणवेशधारी सेवा’. हा शेवटचा शब्द ज्याने घडवला त्याला विनोदाची जाण असावी किंवा अजिबात नसावी. पण प्रश्न शब्दाचा नाही. ज्या मुलाने आयुष्यात कधी भूशास्त्र, मानसशास्त्र किंवा तर्कशास्त्र हे विषय पाहिलेले नाहीत, त्याचा त्यांच्याकडे असलेला कल कोणत्या प्रश्नावलीने मोजायचा? कल आधी असतो आणि विषय नंतर भेटतो ही समजूतच मुळात उलटी आहे. बहुतेकांच्या बाबतीत विषय आधी भेटतो, त्याला एखादा चांगला शिक्षक लाभतो, आणि मग कल तयार होतो. तुम्हा-आम्हा मराठीच्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.

खरे मार्गदर्शन फार साधे, जवळजवळ कंटाळवाणे असते. कोणते दार उघडे राहते आणि कोणते कायमचे लागते, एवढेच त्यात सांगायचे असते. विज्ञान शाखेतून बारावी झालेली मुलगी पुढे बी.ए. करू शकते, कला शाखेतून बारावी झालेली अभियांत्रिकीला जाऊ शकत नाही. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण तिथेही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अकरावीत गणित सोडले की अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, सांख्यिकी हे रस्ते एका सहीनिशी बंद होतात, आणि ती सही बहुधा ‘गणित अवघड जातं’ या एका वाक्यावर केलेली असते. भूगोल आणि भूशास्त्र हे विज्ञान शाखेतही घेता येतात, हे त्या मेळाव्यांत कोणी सांगत नाही, कारण ते शिकवणारी महाविद्यालये मोजकी आणि त्यांच्या शिकवण्या घेणारे त्याहून मोजके. त्याचप्रमाणे विज्ञान शाखेत इंग्रजीच्या जोडीने मराठी घेता येते, हेही सांगितले जात नाही. सांगितले जाते ते असे: ‘मराठीऐवजी आयटी घे, ते स्कोअरिंग आहे.’

इथे कायद्याची एक गंमत पाहण्यासारखी आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातील शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, पेढे वाटले गेले, भाषणे झाली. आणि या दोन्हींच्या मध्ये, अगदी त्याच शासनाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत, द्वितीय भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेण्याची सोय निमूटपणे चालूच राहिली. म्हणजे सक्ती सोळाव्या वर्षाच्या उंबऱ्याशी संपते. वाचनाची खरी भूक ज्या वयात लागते, कविता पाठांतरातून बाहेर पडून अंगावर येते, त्या वयात भाषा ‘ऐच्छिक’ होते. माहिती तंत्रज्ञानाशी आमचे भांडण नाही. तो विषय अवश्य शिकवावा. पण भाषा आणि संगणक यांना एकाच खुर्चीसाठी भांडायला लावणारी रचना ज्याने केली, त्याला दोन्हींचे स्वरूप कळलेले नाही.

आता त्या दोन वर्षांकडे वळू. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहावीनंतरची जी दोन वर्षे कल्पिली होती, ती केवळ विद्यापीठाच्या दाराशी रांग लावण्यासाठी नव्हती. मोठ्या संख्येने मुलांनी तिथून व्यवसायशिक्षणाकडे वळावे, उरलेल्यांनी विषयाशी गंभीर ओळख करून घ्यावी, अशी ती कल्पना होती. आज या दोन वर्षांत अकरावी नाही आणि बारावीही नाही. आहे ती सीईटी, नीट आणि जेईई. ‘इंटिग्रेटेड’ नावाची व्यवस्था आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली: नाव महाविद्यालयाच्या पटावर, देह खासगी शिकवणीच्या बाकावर. २०१८ साली शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच कारणासाठी. अंगठा उमटवायचे यंत्र लावून रिकामे वर्ग भरतील अशी ती श्रद्धा होती. वर्ग रिकामे का होतात, तर अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीत खुल्या गटाला ४५ आणि राखीव गटांना ४० टक्के पुरतात, बाकी सारा निर्णय सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो. त्या सीईटीतही अकरावीच्या अभ्यासक्रमाला २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के वजन आहे. मुले हिशेबी असतात. ज्या परीक्षेला वजन नाही तिच्यासाठी ती वर्गात बसणार नाहीत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

प्रवेश परीक्षा उगाच आल्या असेही म्हणता येत नाही, आणि जे सहकारी तसे म्हणतात त्यांना कॉपीचे हंगाम, देणग्यांची पाकिटे आणि प्रात्यक्षिकांच्या गुणांची खिरापत आठवत नसावी. वेगवेगळ्या मंडळांच्या गुणांची तुलना हाही खरा पेच आहे. सामाईक परीक्षेने डोनेशनच्या बाजाराला काही अंशी लगाम घातला, हे मान्य केले पाहिजे. पण ‘वस्तुनिष्ठ’ या शब्दाचा जो दबदबा निर्माण झाला आहे तो तपासायला हवा. २०२४ च्या नीटच्या पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले होते. वाढीव गुण मागे घेणे, उत्तरसूची बदलणे, फेरपरीक्षा असे सारे झाले, आणि पाटणा व हजारीबाग येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयासमोरही आले. गुण यंत्राने मोजले म्हणजे न्याय झाला, असे होत नाही.

तामिळनाडूने या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. त्या राज्याने २००७ पासून अभियांत्रिकीची सामाईक प्रवेश परीक्षाच रद्द केली आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश सुरू केले. पुढे नीट आल्यावर न्या. ए. के. राजन यांच्या समितीने २०२१ साली जो अहवाल दिला त्यात तामिळ माध्यमातील, ग्रामीण आणि गरीब घरांतील मुलांचा वैद्यकीय प्रवेशातला वाटा घटल्याचे आणि पुन्हापुन्हा परीक्षा देणाऱ्यांचा वाढल्याचे म्हटले आहे. त्या राज्याचा उपाय आपण जसाच्या तसा उचलावा असे नाही. पण तिथे निदान प्रश्न विचारला गेला: ही परीक्षा कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते? आपण मात्र नीट मराठीतूनही देता येते यावर समाधान मानतो. ज्या विषयांचे दोन वर्षांचे अध्यापन जवळपास सर्वत्र इंग्रजीतून होते, त्यांची तीन तासांची परीक्षा मराठीतून देण्याची मुभा म्हणजे पोहायला शिकवले विहिरीत आणि स्पर्धा ठेवली वाळूत!

प्रवेश परीक्षांची साथ एव्हाना साध्या पदवीपर्यंत पोहोचली आहे. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याने त्यांच्यासाठी सीईटी घेतली. जागांच्या मानाने विद्यार्थी कमी पडले, तेव्हा पुन्हा एकदा सीईटी घ्यावी लागली. दरम्यान अनेक महाविद्यालयांनी काय केले, तर अभ्यासक्रमाचे नाव बदलले. कालचे बीएमएस आज ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ झाले आणि परीक्षेची अट गळून पडली. तेच विषय, त्याच खोल्या, तेच शिक्षक. नामांतराने गुणवत्तेची गरज संपते, हा शोध आपल्या शिक्षणव्यवस्थेने लावला. चाळणी जर इतकी आवश्यक होती तर पाटी बदलताच ती अनावश्यक कशी ठरली, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

आणि मराठीचे विभाग? त्यांनी या सगळ्याला जे उत्तर शोधले ते मूळ रोगाहून केविलवाणे आहे. ‘मराठीलाही स्कोप आहे’ असे फलक आता आपल्याच दारांवर लागतात. मुद्रितशोधन, अनुवाद, सूत्रसंचालन, जाहिरातलेखन अशी यादी त्याखाली असते. ‘युवकभारती’त उपयोजित मराठी आली, त्याला आक्षेप नाही. अहवाल आणि मुलाखत नीट लिहिता येणे ही काही हलकी गोष्ट नव्हे. आक्षेप आहे तो शरणागतीला. प्रतिपक्षाचा शब्द उचलून त्याच्याच तराजूत स्वतःला तोलायला बसले की वजन कमीच भरणार. संगणकशास्त्राशी पगाराच्या मैदानात झुंजून मराठी कधीही जिंकणार नाही. ती दुसऱ्या मैदानातली आहे.

हे दुसरे मैदान कोणते, ते २०२३ च्या सुरुवातीला पुण्याच्या रस्त्यावर दिसले. राज्यसेवा मुख्य परीक्षा बहुपर्यायीऐवजी वर्णनात्मक करण्याचा निर्णय महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने घेतला होता. त्याविरुद्ध परीक्षार्थींनी आंदोलन केले आणि आयोगाला नव्या पद्धतीची अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे ढकलावी लागली. तयारीला वेळ हवा, ही त्यांची मागणी अन्यायाची नव्हती. वर्षानुवर्षे एका पद्धतीने अभ्यास केलेल्यांच्या पायाखालची जमीन एकाएकी काढू नये, हे खरेच. पण पदवीधर माणसांना स्वतःच्या विषयावर सलग चार परिच्छेद लिहिण्यासाठी दोन वर्षांची मुदत मागावी लागते, या गोष्टीने भाषेच्या शिक्षकाची झोप उडायला हवी होती. मुद्दा मांडणे, त्याला आधार देणे, विरुद्ध बाजू ऐकून मग निष्कर्षाला येणे हे मुलाने शिकायचे कधी? ज्या दोन वर्षांत शिकायचे, त्यांत त्याला चार पर्यायांतून तीन खोडायला शिकवले गेले.

आपण प्राध्यापक तरी कोणत्या वाटेने आलो? नेटच्या परीक्षेतील दीर्घोत्तरी प्रश्न जून २०१२ पासून संपले. तेव्हापासून मराठी साहित्याचा अध्यापक व्हायला एकही वाक्य लिहून दाखवावे लागत नाही. कोणती कादंबरी कोणत्या साली आली आणि कोणता कवी कोणत्या संप्रदायाचा, यांच्या जोड्या लावता आल्या की पुरते. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून आलेल्या सीयूईटीत बारावीच्या मुलालाही हेच: मराठीचा उतारा, खाली प्रश्न, प्रश्नाखाली पर्याय. या प्रकाराविरुद्ध मराठीच्या विभागांतून किती ठराव झाले? सेवाज्येष्ठतेच्या प्रश्नावर मात्र होतात.

तेव्हा काही गोष्टी स्पष्टपणे मागायला हव्यात. विज्ञान शाखेच्या वेळापत्रकात मराठीचा तास असलाच पाहिजे, आणि ‘विद्यार्थी मिळत नाहीत’ हे कारण प्रवेश-अर्जावर तो पर्याय छापल्यानंतरच ऐकून घेतले जावे. मंडळाने द्वितीय भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान ही अदलाबदल थांबवावी. बारावीच्या लेखी उत्तरांना व्यावसायिक प्रवेशात काही निश्चित वजन असावे. २०१४ आणि २०१५ मध्ये अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावी आणि जेईई यांना निम्मे-निम्मे वजन याच राज्याने देऊन पाहिले होते, तेव्हा ते अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली शाखांमधील भिंती पाडण्याचे वचन दिले आहे. त्या भिंती कागदावर पडल्या, वेळापत्रकात उभ्याच आहेत.

आणि एक काम कोणाच्या परवानगीवाचून होण्यासारखे आहे. परिसरातील शाळांत नववीच्या वर्गांपुढे, निकालाच्या धांदलीआधी वर्षभर, महाविद्यालयातील वेगवेगळ्या विषयांच्या शिक्षकांनी जावे. पगाराबद्दल चकार शब्द न काढता आपल्या विषयात दिवसभर नेमके काय करतात ते सांगावे. कोणत्या विषयाने कोणते दार बंद होते याचा एक पानी तक्ता मुलांच्या हाती द्यावा. शिकवणीवाल्यांची गाडी फेब्रुवारीत शाळेच्या फाटकाशी उभी राहते, तिच्याआधी पोहोचले म्हणजे झाले. पुढच्या प्रवेशाच्या वेळी किती महाविद्यालयांच्या माहितीपत्रकात विज्ञान शाखेच्या विषययादीत ‘मराठी’ छापलेले आढळते, ते आपण मोजू.