झाकली मूठ चाळीस पौंडांची

‘चालवून पाहिलेलं नाही.’

ऑनलाइन बाजारात मॉडेल रेल्वेचं जुनं इंजिन विकायला काढणारा इंग्रज हे वाक्य इतक्या निरागसपणे लिहितो, की बिस्किटाचा चुरा तोंडाला लागलेलं पोरही तितक्या निरागसपणे ‘मी नाही खाल्लं’ म्हणणार नाही. सोबत कारणंही असतात. रूळ नाहीत, कंट्रोलर नाही, आजोबांच्या माळ्यावर सापडलं, मला यातलं काही कळत नाही. कळत नाही म्हणता, पण कॅटलॉगचा क्रमांक अचूक असतो. कोणत्या साली कोणत्या रंगात निघालं तेही असतं, आणि खोक्यातला पातळ कागद मूळचाच आहे याची ग्वाहीसुद्धा. बिचाऱ्याला ठाऊक नसतं ते एवढंच, की चाक फिरतं की नाही.

मी डर्बीत राहतो. रेल्वेचं गाव आहे, त्यामुळे हे वेड लागायला निमित्त लागलं नाही. इथे चालतं ते डबल-ओ माप, म्हणजे खऱ्या गाडीच्या साधारण शहात्तराव्या भागाएवढं. इंजिन १२ व्होल्ट डीसीवर धावतं. ते जिवंत आहे का हे बघायला लेआउट लागत नाही की कंट्रोलरही लागत नाही. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्यायची, तिला दोन वायरी लावायच्या आणि त्यांची मोकळी टोकं दोन्ही बाजूंच्या चाकांना टेकवायची. बहुतेक इंजिनांत धुगधुगी असेल तर मोटर लगेच गुरगुरते. अर्ध्या मिनिटाचं काम. बारा फोटो काढायला आणि खोक्यावरची धूळ फुंकायला ज्याला अर्धा तास मिळतो, त्याला हा अर्धा मिनिट मिळत नाही?

मिळतो. मिळाला, बघून झालं, म्हणूनच तर ते वाक्य लिहिलं. हिशोब सरळ आहे. ‘मोटर जळाली आहे’ असं खरं लिहिलं तर सुट्या भागांसाठी कोणीतरी पंधरा पौंड देतो. ‘उत्तम चालतं’ लिहिलं तर पन्नास येतात, पण उद्या तक्रार आली की गळ्याशी येतं. ‘चालवून पाहिलेलं नाही’ म्हटलं की चाळीस येतात आणि हातही झटकता येतात. झाकली मूठ सव्वा लाखाची हे आपल्या पूर्वजांनी अब्रूबद्दल म्हटलं होतं. इथे त्या मुठीला दर लागलाय.

दोन वर्षांपूर्वी असंच एक इंजिन घेतलं. ‘रूळ नसल्याने चाचणी करता आली नाही, स्वतः येऊन न्या.’ गेलो. गृहस्थांनी गॅरेजचं दार उघडलं आणि आत भिंतीपासून भिंतीपर्यंत लेआउट! दुहेरी मार्ग, बोगदा, दिवे लागलेलं स्टेशन, आणि दोन गाड्या माझ्यादेखत फेऱ्या मारतायत. मी गाड्यांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मला चहा विचारला. पितळ एवढं उघडं पडलेलं असताना समोरच्याला चहा विचारायला जी छाती लागते, ती या देशाने दोनशे वर्षं राज्य करून कमावली असावी. इंजिन अर्थातच मेलेलं होतं. आणि मी, पुण्याचा असूनही, पैसे देऊन घरी आलो. त्याची लाज मला अजून वाटते.

बाकी भाषेचीही एक वेगळी शाळा आहे. ‘दुर्मीळ फ्लाइंग स्कॉट्समन’! अहो, १९२३ साली डॉनकास्टरला बांधलेलं खरं फ्लाइंग स्कॉट्समन जगात एकच आहे आणि ते यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमच्या मालकीचं आहे. दुर्मीळ म्हणायचंच तर त्याला म्हणा. त्याची मॉडेलं दर पिढीला नव्याने निघत आली आहेत. ‘डीसीसी रेडी’ म्हणजे डिजिटल चिप आत बसवलेली आहे असं नवखा समजतो. आत असतो फक्त चिप खुपसायचा सॉकेट. भाड्याची खोली ‘एसी-रेडी’ म्हणायची आणि भिंतीतलं भोक दाखवायचं, तसं. आपल्याकडे कोणतंही वनस्पती तूप जसं डालडा, तसं यांच्याकडे कोणतंही जुनं इंजिन हॉर्नबी. ट्रायअँगवाल्यांनी मेकानो कंपनी, म्हणजे तिच्याबरोबर हॉर्नबीही, १९६४ साली घेतली. त्याआधीच्या ट्रायअँगच्या डब्यावर हॉर्नबीचं नाव चिकटवणं हे अज्ञान नव्हे, भाववाढ आहे. त्या सुरुवातीच्या डब्यांचं प्लास्टिक म्हातारपणी केळ्यासारखं वाकतं. म्हणूनच त्यांचा फोटो नेहमी समोरून येतो, बाजूने कधीच येत नाही.

सगळ्यात वाईट रोग जस्ताचा. इंजिनाचं वजनदार धड जस्ताच्या मिश्रधातूत ओततात. त्यात शिशाची भेसळ राहिली की धातू आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. युद्धापूर्वीच्या मालाला हा रोग लागला, आणि चिनी बनावटीच्या काही अलीकडच्या मॉडेलांनाही लागला. उपाय नाही. माझ्याकडे असं एक पार्सल आलं. उघडलं तर आत राजगिऱ्याची वडी कुस्करून ठेवावी तसं धड. विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘पोस्टात फुटलं असेल.’ पोस्टाला मीही शिव्या घालतो, पण पोस्ट धातूचं रसायन बदलत नाही.

आणि या मालाचा उगम कुठला? हयातभर जमवलेलं कपाट मागे ठेवून एखादे आजोबा जातात. ‘आता याला कोण विचारतं?’ असं आजींना सांगून दलाल ते किलोच्या भावात उचलतो. आठवड्याभरात तेच एकेक करून ‘दुर्मीळ’ होतं.

एवढं बोलल्यावर स्वतःबद्दलही बोलतो. पुण्याला गेलो की भाच्याला कर्वे रस्त्यावरच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये नेतो. १९९८ पासून ते सुरू आहे, पाहिलं नसेल तर पाहा. तिथून बाहेर पडताना भाचा म्हणाला, ‘मामा, पुढच्या वेळी एक इंजिन आण ना, जुनं चालेल.’ भारताने खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३ साली ७०. तेव्हा मामाची बॅग हाच स्वस्त मार्ग. त्याच्यासाठी पैसे जमवायला म्हणून मी माझं एक इंजिन विकायला काढलं. त्याचा प्लास्टिकचा गिअर फुटलेला होता आणि मला ते माहीत होतं. लिहिलं काय? ‘चालवून पाहिलेलं नाही.’ अडतीस पौंड आले. पैसे परत केले, पण स्वतःहून नाही. बायकोने करायला लावले.

म्हणून मला आता विक्रेत्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर बोलायचंच नाही. माझी चार पौंडांना मोडली नसती, पण अडतीसला मोडली. दोष त्या चाळिसाचा आहे, आणि तो आकडा लावणारे आपण आहोत. चालत असेल तर आपलं नशीब, असा जुगार मनात धरून आपणच बोली चढवतो. घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: ते वाक्य दिसलं की इंजिन मेलेलं आहे असं धरा, पंधरा पौंड बोला, वर एक पेनीही नको.