भाडेकरूच्या दारावरचा डोळा

हुबळीच्या विद्यानगरात अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणासाठी येणाऱ्यांत गोव्यातील मुलामुलींचाही समावेश असतो. खोली पाहायला गेलेले पालक भाडे, पाणी आणि जेवणाबरोबर आणखी एक चौकशी करतात: सीसीटीव्ही आहे का? 18 एप्रिल 2024 रोजी याच भागातील महाविद्यालयाच्या आवारात एका विद्यार्थिनीची भोसकून हत्या झाली. त्यानंतर ही काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र त्याच घटनेने कॅमेऱ्याची मर्यादाही दाखवून दिली. कॅमेऱ्याने हल्ला टिपला, रोखला नाही. आणि ते चित्रण पुढे समाजमाध्यमांवर फिरत राहिले.

इमारतीच्या प्रवेशद्वारावर किंवा वाहनतळावर कॅमेरा असण्याला कोणाची हरकत नसावी. प्रश्न निर्माण होतो तो कॅमेरा खोलीच्या दाराकडे वळतो तेव्हा. कोण केव्हा आले, किती वाजता गेले, हे घरमालक मोबाइलवर पाहू लागला की सुरक्षेची जागा पाळत घेते.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. कोलकाता येथील एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, सहनिवाशाच्या संमतीविना राहत्या भागात लावलेले कॅमेरे चालवू नयेत, हा उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये कायम ठेवला. तो वाद भाडेकरूचा नसला तरी त्यामागील तत्त्व त्यालाही उपयोगी पडावे.

फौजदारी कायद्याचे संरक्षण मात्र अपुरे आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 77 स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहण्यास वा टिपण्यास शिक्षा देते, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरते आहे. दाराबाहेरची रोजची टेहळणी या दोन्हींत बसत नाही. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले; पण त्यातील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास नियमांपासून 18 महिन्यांची मुदत आहे. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात घरमालकाने 24 तास आधी सूचना देऊनच आत यावे, अशी तरतूद आहे. परंतु हा विषय राज्यांच्या अखत्यारीतील असल्याने राज्याने स्वीकारल्याशिवाय ती लागू होत नाही.

गोव्यानेही या असमतोलाकडे पाहायला हवे. येथील विधानसभेने 2024 मध्ये भाडेकरू पडताळणीचे विधेयक संमत केले. भाडेकरू कोण, हे जाणण्यात शासनाला स्वारस्य आहे आणि ते रास्तही आहे. पण घरमालकाने काय पाहावे, चित्रण किती दिवस ठेवावे, ते कोणाला दाखवावे, याविषयीही तेवढीच स्पष्टता हवी.

तोवर उपाय करारातच शोधावा लागेल. कॅमेरे कोठे आहेत, चित्रण कोण पाहते, दुसरी किल्ली कोणाकडे आहे आणि पूर्वसूचनेविना खोलीत कोणी शिरणार नाही, या चार गोष्टी सही करण्यापूर्वी लिहून घ्याव्यात. पालकांनी ‘सीसीटीव्ही आहे का’ एवढेच न विचारता ‘त्याचे तोंड कोणीकडे आहे’ हेही विचारावे. भाडे भरणारा माणूस चार भिंतींबरोबर त्यांच्या आतला निवांतपणाही घेत असतो.