अळीला फाशी, कुऱ्हाडीला माफी?



पावसाळा सरत आला की मुंबईच्या नातलगांचे फोन येतात : "खाडीकाठची तिवरं पार वाळली, नुसत्या काड्या उरल्या. सरकार फवारणी का करत नाही?" बहादरपुरात बसून आपल्याला खाडीचे काय, असे कोणी म्हणेल. पण ही अळी आपल्या ओळखीची आहे. पावसाच्या तोंडावर सागाला फुटलेली कोवळी पाने फस्त करणारी जी अळी, तीच मुंबईत विक्रोळीच्या कांदळवनात तिवरावर उतरते. शास्त्रात तिचे नाव हायब्लिया प्युएरा. साग आपला, तिवर त्यांचे, अळी एकच. म्हणून दोन शब्द बोलण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

ओकाबोका झालेला साग आपल्या वडीलधाऱ्यांनी कितीदा पाहिला आहे. काही आठवड्यांत पुन्हा पालवी फुटते. लागवडीतल्या सागाची वाढ खुंटते हे खरे, केरळच्या वन संशोधन संस्थेने ते मोजूनही दाखवले आहे. पण झाड सहसा मरत नाही. तिवराचेही तेच.

उलट अळी जंगलाचे काम करते. तिची विष्ठा आणि पानांचे तुकडे चिखलात पडतात, पानात अडकलेले नत्र लवकर मोकळे होते. वरचा पाला विरळ झाला की खालच्या रोपट्यांना ऊन मिळते. पक्ष्यांचे पोट भरते. अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या वाढतात आणि अळीला आवर बसतो. तिवराच्या फुलांवरचे परागही मधमाश्या आणि माश्याच वाहतात.

आता मारा फवारा! कोळंबी आणि खेकडे हे कीटकांचेच दूरचे भाऊबंद. जे विष अळीला मारते ते त्यांनाही सोडत नाही, आणि ओहोटीचे पाणी ते खाडीभर नेते. अळी मरेल, मधमाशी मरेल आणि कोळ्याचे जाळे रिकामे येईल. हा कुठला उपाय?

मग कांदळवनाचा खरा वैरी कोण? भराव आणि कुऱ्हाड. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा खाड्या बुजवण्याची किंमत मुंबईला कळली. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला ठरवला. तरी २०२२ च्या डिसेंबरात बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार तिवरे तोडण्याची परवानगी अटींसह द्यावी लागली. अळीने पान खाल्ले तर बोंब, मूळच उपटले तर त्याचे नाव विकास!

आणि आपण तरी कुठे वेगळे? २०२२-२३ मध्ये नेपानगरकडच्या जंगलात हजारो झाडे पडली. ती काय अळीने पाडली? अळीने खाल्लेला साग पुढच्या पावसात हिरवा होतो. तोडून नांगर फिरवलेल्या जागी काय उगवते ते जाऊन पाहा.

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मुंबईच्या नातलगांना सांगा, फवारणीसाठी अर्ज करू नका, भरावाविरुद्ध करा. आणि इथे मते मागायला जो दारी येईल, त्याला चहा जरूर द्या, पण आधी एकच विचारा : भाऊ, जंगल तोडणाऱ्यांचे तुम्ही काय केलेत?