भागवत कुठे आहेत?

परवा म्हसावदला एका विद्यार्थ्याने ‘फास्टर फेणे’चे पुस्तक परत करताना विचारले, “सर, सिनेमातले भागवत आजोबा यात कुठे आहेत?”

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. भा. रा. भागवतांच्या (१९१०–२००१) पुस्तकांत बनेश फेणे हा फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. आदित्य सरपोतदारांच्या २०१७ च्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण आहे. अमेय वाघ फेणे झाले आणि दिलीप प्रभावळकर चक्क भागवत! ही केवळ लेखकाला मानवंदना नव्हे. पुस्तकात फेण्याचे कौतुक आणि त्याची काळजी निवेदनातच मुरलेली असते. पडद्यावर ती सोय नाही. म्हणून त्या मायेला माणसाचे रूप देऊन फेण्याजवळ आणून बसवावे लागले. या आजोबांसमोर वाढलेला फेणेही पोरच वाटतो, ही मोठीच कमाई.

पण थोडे हातचे गेलेही. पुस्तकातला आवाज वाचणाऱ्या पोराशी बोलतो. पडद्यावरचे आजोबा बोलतात ते फेण्याशी.

मी म्हटले, “अरे, गोष्ट सांगत होते ते कोण?”

तो क्षणभर थांबला आणि पुस्तक पुन्हा मागून घेऊन गेला.