आघात कुठे द्यायचा, तेही शिकवा

सोलापूर जिल्ह्यातलं वैराग असो की बार्शी, मराठी शाळेत इंग्रजीच्या तासाला स्पेलिंग घोकून घेतात, अर्थ वहीत उतरवून घेतात. शब्दाच्या कोणत्या भागावर आघात द्यायचा, हे बहुतेकदा राहून जातं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. एवढ्या काळात ही उणीव भरून निघायला हवी होती.

जोडशब्दांत ती फार जाणवते. ‘ब्लॅकबोर्ड’ म्हणताना आघात ‘ब्लॅक’वर पडला तर तो वर्गातला फळा, मग रंगाने हिरवा का असेना. ‘बोर्ड’वर पडला तर काळ्या रंगाची कुठलीही फळी. ‘ग्रीनहाउस’चंही तसंच: आघात पुढे असेल तर रोपांचं हरितगृह, मागे गेला की हिरवा रंग दिलेलं घर. मराठीत आघाताने असा अर्थ बदलत नाही, म्हणून आपली मुलं दोन्ही भाग सारख्याच वजनाने म्हणतात.

पण मराठी कान कच्चा नाही. आपण ‘पोस्टमन’, ‘वॉचमन’ म्हणतो आणि ‘सुपरमॅन’ म्हणतो. इंग्रजीतही पहिल्या दोन शब्दांत शेवटचा स्वर दुबळा होतो, तिसऱ्यात तो पूर्ण राहतो. हा फरक लोकांनी नुसत्या ऐकण्यातून उचलला.

शब्दाचा सांधाही मुलांना उपजत कळतो. ‘मिसळीत’ म्हणताना ‘स’मधला अ गळतो, ‘मिसळपाव’मध्ये तो टिकतो आणि ‘ळ’चा गळतो, कारण सांधा ‘ळ’नंतर आहे. ज्याला हे न शिकवता जमतं, त्याला ‘नाइट रेट’ आणि खताच्या गोणीवरचं ‘नायट्रेट’ यांतला भेद समजावणं अवघड नाही. पहिल्यात ‘ट’ आधीच्या अवयवाला (सिलॅबलला) चिकटतो, दुसऱ्यात तो ‘र’मध्ये मिसळतो.

जोडशब्दात आघात पहिल्या भागावर, या नियमाला अपवाद आहेत. ‘ऑक्सफर्ड स्ट्रीट’मध्ये मुख्य आघात ‘ऑक्सफर्ड’वर, पण ‘ऑक्सफर्ड रोड’मध्ये तो ‘रोड’वर. कुर्डुवाडी स्टेशनाचं जुनं नाव ‘बार्शी रोड’; १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे तिथूनच निघाली. इंग्रजीच्या रीतीने ते नाव घेतलं, तर आघात ‘रोड’वरच यायचा.

वैरागच्या मुलाने साहेबी ढंगात बोलावं, असा हा आग्रह नाही. त्याचं बोलणं समोरच्याला पहिल्यांदाच कळावं, त्यालाही समोरच्याचं कळावं, एवढ्यासाठी तो आहे. शब्दकोशात आघात असलेल्या अवयवाआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. ती वाचायला पाचवी-सहावीतच शिकवावी आणि तोंडी परीक्षेत त्याला गुण ठेवावेत.