वास येईनासा होतो तेव्हां

प्रवरानगरास गळीत सुरू झालें, कीं मळीचा दर्प लोणीच्या घरांत शिरतो. एकत्र कुटुंबांत एखाद्यासच तो येईनासा झाला, तर कोणाच्या ध्यानांत येणार? पडशानें वा नाकांत मांस वाढल्यानें वास अडतो. डोक्यास मार लागल्यास गंधतंतु तुटतात. वार्धक्यांत ही शक्ति इतकी हळू ओसरते, कीं आजीबाई सुनेच्या फोडणीलाच नांवें ठेवतात. २०२० सालीं कोरोनानें नाक न चोंदतांहि अनेकांचा वास हिरावला. गंधतंतूंस पोसणाऱ्या पेशीच त्यानें जायबंदी केल्या. आम्हांस अधिक चिंता वाटते ती स्वयंपाकघराची. सिलिंडरमधील वायूस मूळचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. सबब ज्यांस हिंगाचाहि वास येत नाहीं, त्यांस डॉक्टरांकडे न्यावें, व तोंवर शेगडीजवळ एकटें सोडूं नये.