गिधाडें गेलीं कोठें ?

परवां चवथीच्या वर्गांत आम्हीं सहज विचारिलें, "मुलांनो, तुमच्यापैकीं गिधाड कोणीं पाहिलें आहे ?" एकही हात वर झाला नाहीं. एका मुलीनें सांगितलें कीं तिनें पुस्तकांतल्या चित्रांत पाहिलें आहे. हीं मुलें कांहीं शहरांतलीं नव्हेत. शेतकऱ्यांचीं, सुतार-लोहारांचीं, धनगरांचीं. सुट्टी लागली कीं गुरांमागें रानोमाळ हिंडणारीं. घार, घुबड, टिटवी, होला हीं सगळीं पांखरें त्यांस आवाजावरून ओळखतां येतात. गिधाड मात्र ठाऊक नाहीं. आमच्या लहानपणीं, म्हणजे ३५ वर्षांमागें, गांवाबाहेरच्या माळावर मेलेलें जनावर टाकलें कीं घटकाभरांत आभाळांत काळे ठिपके फिरूं लागत. घरीं बसलेलीं म्हातारीं माणसें ते पाहून सांगत कीं अमक्या वस्तीवर ढोर मेलें. सांज होईतों माळावर सांपळा तेवढा उरे, आणि तोही धुतल्यासारखा स्वच्छ. हाडें गोळा करून विकणाऱ्या गरिबास मग हात घाण करावे लागत नसत.

ह्या पांखराचें नांव आमच्या लोकांत वाईट. घरावर बसलें तर अपशकुन, मग शांत करा, दक्षिणा द्या. शांत करविणाऱ्याचें घर त्यावर चाललें, गिधाडाच्या पदरीं शिव्या पडल्या. कर्जदाराच्या जमिनीवर टपलेल्या सावकारास आपण गिधाड म्हणतों. पण विचार केला तर हा गिधाडाचा अपमान आहे. गिधाड मेलेल्यास खातें. सावकार जित्यास खातो. त्याच्या जठरांतलें आम्ल इतकें जलाल असतें कीं सडक्या मांसाबरोबर पोटांत गेलेले बहुतेक रोगजंतू तेथेंच मरतात. गांवाची घाण फुकट काढणारा, पगार न मागणारा आणि रजा न घेणारा असा दुसरा चाकर आम्हांस तरी दिसत नाहीं.

हा चाकर गेला कोठें ? पांढऱ्या पाठीचें जें गिधाड पूर्वीं गांवोगांव दिसे, त्याची मोजदाद शास्त्रज्ञांनीं केली. १९९२ सालीं जेथें एक हजार होतीं तेथें २००७ सालीं एक उरलें. होय, हजारांत एक ! सह्याद्रीच्या कड्यांवर घरटीं करणारें लांब चोचीचें गिधाड, त्यांतलींही शंभरांत जेमतेम तीन उरलीं. पंधरा वर्षांत इतका संहार झाला, आणि आपण खालीं मान घालून नांगर हांकीत राहिलों. वर पाहिलेंच नाहीं.

आरंभीं सर्वांस वाटलें कीं पांखरांत कांहीं सांथ शिरली असावी. कोणी म्हणाले शेतांतल्या फवारणीच्या विषानें मेलीं. खरें कारण २००४ सालीं उघडकीस आलें. लिंडसे ओक्स नांवाचे अमेरिकेचे एक पशुवैद्य व त्यांचे सहकारी यांनीं पाकिस्तानांत मेलेलीं गिधाडें चिरून तपासलीं. रोगजंतू सांपडेना. मग त्यांनीं वेगळा प्रश्न विचारिला कीं हीं पांखरें खातात काय ? तर मेलेलीं गुरें. आणि त्या गुरांच्या अंगांत काय असतें ? तेथें सांपडलें तें डायक्लोफेनॅक. अंगदुखीवर, सांधेदुखीवर आपण जी गोळी घेतों तेंच हें औषध. १९९० नंतर तें स्वस्त झालें व गुरांनाही टोंचूं लागले. लंगडणाऱ्या बैलास सुई दिली कीं तो दुसऱ्या दिवशीं औतास उभा राही. मग कोण नको म्हणणार?

माणसास चालतें, बैलास चालतें, तर मग गिधाडासच तें विष कां व्हावें ? येथें थोडी शरीराची गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या अंगांत खाल्लेल्या अन्नाचा जो निरुपयोगी भाग उरतो, तो युरिया होऊन लघवीवाटे जातो. पांखरें लघवी निराळी करीत नाहींत. कोंबडीची शीट आपण रोज पाहतों. तींतला जो पांढरा चुन्यासारखा भाग, तेंच तिचें मूत्र. त्यास युरिक आम्ल म्हणतात. मूत्रपिंडें तें रक्तांतून गाळून बाहेर टाकतात. डायक्लोफेनॅकनें गिधाडाचीं मूत्रपिंडें बंद पडतात. मग हा पांढरा चुना बाहेर न जातां रक्तांत सांचतो आणि काळीज व यकृत यांवर आंतून चुना फांसल्यासारखा बसतो. मान खालीं पाडून पांखरूं झाडावर बसून राहतें व थोड्याच दिवसांत खालीं कोसळतें. माणसाच्या अंगींही हेंच युरिक आम्ल वाढलें तर पायाच्या अंगठ्याच्या सांध्यांत त्याचे खडे होतात आणि रात्रीं अंगठा असा ठणकतो कीं पांघरुणाचा स्पर्श सोसवत नाहीं. डॉक्टर त्यास गाऊट म्हणतात. तेव्हां गिधाडाच्या दुखण्याची कल्पना कांहीं गांवकऱ्यांस चांगलीच करतां येईल.

कोणी म्हणेल, सगळ्याच गुरांना कोठें सुई टोंचतात ? बरोबर आहे. पण शास्त्रज्ञांनीं हिशेब करून दाखविलें कीं १३० ते ७६० मेलेल्या जनावरांमागें एक विषारी असलें तरी एवढा संहार होण्यास पुरतें. कारण एका जनावरावर एक गिधाड बसत नाहीं, पन्नास बसतात. शिवाय गिधाडाची मादी वर्षास एकच अंडें घालते. कोंबडी मेली तर चार महिन्यांत दुसरी तयार होते. गिधाडाचें पिल्लूं वयांत येण्यास चार-पांच वर्षें लागतात.

आतां एक गोष्ट सांगतों, ती सांगण्यास आम्हांस लाज वाटते. २०१० सालच्या आषाढांत आमच्या घरचा ढवळ्या बैल चिखलांत पाय मुरगळून बसला. पेरणी तोंडावर आलेली. जनावरांचे डॉक्टर तालुक्यास. गांवांत सुई टोंचण्यांत पटाईत असा एक जण आहे, त्यास बोलाविलें. त्यानें दुकानांतून ३० मिलीलिटरची बाटली आणली. गुरांसाठीं हें औषध करण्यास सरकारनें २००६ सालींच बंदी केली होती; पण ही बाटली माणसांसाठींची, आणि तसें तिच्यावर छापलेलें होतें. आता माणसास एका वेळीं ३ मिलीलिटर पुरतें. तर ३० मिलीलिटरची बाटली कोणत्या माणसासाठीं निघत होती, हें दुकानदारास कळत होतें, करणारास कळत होतें आणि आम्हांसही कळत होतें. आम्ही ट्रेनिंग कॉलेजाचें प्रमाणपत्र भिंतीस लावणारे, मुलांस विज्ञान शिकविणारे. चिठ्ठी वाचली व गप्प बसलों. बैल दुसऱ्या दिवशीं उठला, वैरणीस तोंड लावलें. तिसऱ्या दिवशीं पोट फुगून मेला. टोंचल्यापासून तीन दिवसांपर्यंत जनावराच्या काळजांत-मूत्रपिंडांत गिधाडास मारण्याइतकें विष राहूं शकतें. म्हणजे आम्हीं माळावर बैल टाकिला नाहीं, सांपळा लाविला. पण त्यांत एकही गिधाड सांपडलें नाहीं; सांपडावयास उरलेंच नव्हतें. आठ दिवस कुत्रीं ओरबाडीत होतीं. वास गांवांत येत होता. ओढ्याचें पाणी त्याच माळावरून खालीं येतें.

हीं कुत्रीं हाच पुढचा भाग. गिधाडांचें अन्न रिकामें पडलें तें कुत्र्यांनीं घेतलें. १९९२ ते २००६ ह्या काळांत गिधाडें गेल्यामुळें भारतांत किमान ५५ लाख कुत्रीं जास्त झालीं व पिसाळरोगानें सुमारें ४८ हजार माणसें अधिक मेलीं, असा अंदाज २००८ सालीं प्रसिद्ध झाला. २०२४ सालीं इयाल फ्रँक व अनंत सुदर्शन ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं आणखी मोठा हिशेब मांडिला. जेथें पूर्वीं गिधाडें भरपूर होतीं ते जिल्हे आणि जेथें तीं मुळांतच थोडीं होतीं ते जिल्हे, यांची त्यांनीं तुलना केली. सडकीं जनावरें, नासलेलें पाणी व कुत्रीं ह्या सर्वांमुळें २००० ते २००५ पर्यंत दरवर्षीं सुमारें एक लाख, म्हणजे एकूण पांच लाख माणसें अधिक मेलीं, असें त्यांचें अनुमान आहे. अनुमान म्हणून त्यांतले अर्धे सोडून द्या. तरी उरतें तें काय थोडें आहे? आणि तीं माणसें बंगल्यांत राहणारीं असतील असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्याच शाळेंतल्या एका मुलाच्या पोटरीस मागें कुत्रें चावलें. घरच्यांनीं जखमेंत मिरचीची पूड भरली व मंत्र घालणाऱ्याकडे न्यावयास निघाले. आम्हीं वाटेंत गांठलें, बापाशीं भांडलों, शाळेच्या नळाखालीं पोरास बसवून पंधरा मिनिटें साबणानें जखम धुतली व मोटारसायकलीवर घालून सरकारी दवाखान्यांत नेलें. पोर ओरडत होतें, बाप आम्हांस शिव्या देत होता. सगळीं इंजेक्शनें दिलेल्या दिवशींच घेतलीं. मुलगा आज आठवींत आहे. पिसाळरोगाचा विष्ठाणू जखमेंतून नसांच्या वाटेनें हळूंहळूं मेंदूकडे चढतो; तेथें पोंचण्यापूर्वीं लस गांठते, पोंचल्यावर कोणताही डॉक्टर व कोणताही मांत्रिक बहुधा कांहीं करूं शकत नाहीं. मिरची, चुना, रॉकेल यांनीं जखम भाजते, विषाणू मरत नाहीं.

मग शेतकऱ्यानें बैलास ठणकत ठेवावें काय ? मुळींच नाहीं. मेलॉक्सिकॅम नांवाचें औषध गिधाडांस देऊन पारखलें आहे. त्यानें गुराची सूज व ठणका उतरतो आणि गिधाड मरत नाहीं. टॉल्फेनामिक आम्लही तसेंच. २०१५ सालापासून माणसांसाठींची मोठी बाटलीही बंद झाली, एका वेळच्या मात्रेचीच निघते. २०२३ सालीं गुरांसाठीं किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. हें असेक्लोफेनॅक गाईच्या पोटांत गेलें कीं त्याचें डायक्लोफेनॅकच होतें, नुसतें नांव निराळें. पण कायदा दिल्लीस असतो आणि सुई आपल्या गोठ्यांत असते. छोट्या दहा बाटल्या एकत्र करून टोंचणारा माणूस आम्हांस ठाऊक आहे, तुम्हांसही असेल. टोंचणाऱ्यानें बाटली पुढें केली कीं ती हातांत घ्या, नांव वाचा. वाचतां येत नसेल तर पोरीस हांक मारा. तिला शाळेंत पाठवितां तें त्यासाठींच. सुई दिल्यावर जनावर चार दिवसांत दगावलें तर तें उघड्यावर टाकूं नका, खोल खड्ड्यांत पुरा. आणि येथें एक स्पष्ट सांगतों. गांवचीं मेलेलीं गुरें ओढणें हें काम ज्यांच्या माथीं जन्मानें मारलें होतें त्यांनीं तें फेंकून दिलें. त्यांस आमचा मुजरा. बैल ज्याचा, खड्डाही त्यानेंच खणावा. पाटलाचा असला तरी.

हरियाणांत पिंजोर येथें गिधाडें पिंजऱ्यांत वाढवितात. २०२४ च्या जानेवारींत तेथलीं २० गिधाडें आपल्या पेंच व ताडोबाच्या रानांत आणलीं. रायगड जिल्ह्यांत म्हसळ्याच्या बाजूसही कांहीं टिकून आहेत. आमच्या माळावर तीं येतील कीं नाहीं तें त्या माळाभोंवतालच्या गोठ्यांवर अवलंबून आहे. सध्यां आमच्या गोठ्यांत ढवळ्याच्या जागीं एक खोंड आहे. गेल्या मंगळवारीं तो लंगडूं लागला. तोच सुईवाला आला, तीच पिशवी घेऊन. आम्हीं त्यास चहा पाजला, पिशवी उघडावयास लाविली, आंतल्या बाटल्या खाटेवर मांडून एकेकीचें नांव मोठ्यानें वाचलें, आणि तीन परत पिशवींत ठेवावयास लाविल्या.